घेवडा, चर, आले आणि नांगर

२०१६ या एकाच वर्षात सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याला दोन मान मिळाले. इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनने राज्यातल्या तीन तालुक्यांत पाणी अडवण्याच्या कामाची पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा घेतली आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने तिच्यात पहिला क्रमांक मिळवला. संयुक्त राष्ट्रसंघाने तेच वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले होते. एक मान कडधान्याच्या दाण्याला मिळाला, दुसरा डोंगरउतारावर खणलेल्या चरांना. दोन्ही गोष्टी अगदी रोजच्या, आणि मान मिळाल्यानंतरही त्यांची खरी किंमत फार थोड्यांना उमगलेली.

रोजच्या वस्तूंची पारख करताना आपण दोन्हीकडून चुकतो. काही गोष्टी डोक्यावर घेऊन नाचतो, तर काहींकडे ढुंकूनही पाहत नाही. लांबून आलेले ते भारी वाटते. चटकन डोळ्यांना दिसते ते खरे वाटते. काल भाव होता म्हणजे उद्याही राहील असे वाटते. आणि एकदा अंगवळणी पडलेली गोष्ट पुन्हा तपासावी, हे सुचतच नाही. या चारही चुका कोरेगावच्या आणि शेजारच्या सांगलीच्या शिवारात लख्ख दिसतात.

घरचा घेवडा

साताऱ्याहून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर कोरेगाव आहे. तालुक्याच्या उत्तरेकडचा वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे, सोनके हा भाग घेवड्याचा पट्टा. जमीन निचऱ्याची, पाऊस बेताचा. घेवड्याला हेच मानवते, कारण मुळाशी पाणी साचले की हे पीक पिवळे पडते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरायचे, गणपती-दसऱ्याच्या सुमारास काढायचे आणि त्याच रानात शाळू घालायचा, असा हा जुना फेर. दाणा फिकट गुलाबीसर, त्यावर गडद तांबडे पट्टे. या पट्ट्यांमुळेच तो वाघ्या झाला.

घेवडा म्हटले की राज्यात वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या शेंगा डोळ्यांसमोर येतात. हा घेवडा राजम्याच्या जातीचा आहे. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी, आणि राजमा, ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. शेंग कोवळी खाल्ली की भाजी, वाळवून दाणे काढले की कडधान्य. मूळ घर अमेरिका खंडात. मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वताच्या प्रदेशात माणसाने ही वेल स्वतंत्रपणे दोनदा माणसाळवली आणि युरोपीय दर्यावर्दींबरोबर ती जगभर पसरली. कोरेगावच्या रानात ती इतकी रुळली की इथलीच वाटू लागली.

तालुक्यातला बराचसा माल उत्तर भारतात जातो आणि तिथे राजमा म्हणून आवडीने खाल्ला जातो. आपल्याकडे मात्र घेवड्याची आमटी म्हणजे भाजी नसेल त्या दिवशीचा आधार. शहरातल्या घरांत किनोआची पाकिटे आणि प्रथिनांच्या भुकटीचे डबे येतात, घेवडा येत नाही. आकडे समोर ठेवून पाहू. १०० ग्रॅम कोरड्या राजम्यात साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच किनोआत सुमारे १४. किनोआची प्रथिने स्वतःपुरती परिपूर्ण असतात, हा त्याचा गुण मान्यच करायला हवा. पण घेवडा आपल्याकडे एकटा कधी खाल्लाच जात नाही. कडधान्यात लायसिन हा प्रथिनघटक भरपूर असतो आणि मेथिओनिन कमी. ज्वारी-बाजरीत नेमके उलटे. घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी एका ताटात आली की दोघांची उणीव भरून निघते. वर तंतुमय पदार्थ आणि फोलेट मिळते, आणि रक्तातली साखरही हळूहळू चढते.

आता प्रथिनांच्या डब्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पूरक भुकट्या टाळाव्यात, असा सल्ला त्यांत आहे. निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम. शिजवलेल्या मोठ्या वाटीभर घेवड्यातून बारा-तेरा ग्रॅम मिळतात, साधारण दोन अंड्यांइतकी. अंड्याची प्रथिने पचायला सरस आहेत हे खरे. पण दोन भाकरी, एक वाटी आमटी, थोडे दूध किंवा ताक आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर पन्नासचा बराचसा पल्ला गाठता येतो. त्यासाठी महागडा डबा उघडावा लागत नाही.

घेवड्याचे गुण सांगायचे तर दोषही सांगायला हवेत. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा घातक घटक असतो. अर्धवट शिजलेले थोडेसे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरतात. उपाय घरातच आहे. दाणे रात्रभर भिजत घालावेत, ते पाणी ओतून टाकावे आणि नव्या पाण्यात चांगली उकळी फुटू देऊन शिजवावेत. कुकरमध्ये हे काम चोख होते. मंद आचेवर उकळी न येता तासन् तास ठेवलेला घेवडा मात्र धोक्याचा, कारण तेवढ्या उष्णतेने तो घटक मोडत नाही. भिजवलेले पाणी टाकल्याने पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही बऱ्याच निघून जातात.

घेवडा शिजत नाही, ही दुसरी तक्रार. याचे कारण बहुतेकदा पाण्यात असते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात आणि दाणा कितीही शिट्ट्या केल्या तरी टणक राहतो. उष्ण-दमट जागेत वर्षभर पडून असलेला जुना घेवडाही असाच हटून बसतो. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला तरी तेच होते, म्हणून आंबट नेहमी दाणे मऊ झाल्यावर घालावे. हलके पाणी, नवा दाणा आणि शेवटी आंबट एवढे सांभाळले, की कांदा-लसूण चटणीच्या फोडणीत घेवड्याचा रस्सा आपोआप दाट होतो.

एक गैरसमज शेतातलाही दूर व्हायला हवा. कडधान्य पेरले की हवेतला नत्र जमिनीत आपसूक येतो, असे सरसकट मानले जाते. तूर, हरभरा, मूग यांना ते बऱ्याच अंशी लागू आहे. राजम्याच्या मुळांवर आपल्या जमिनीत नत्राच्या गाठी पुरेशा धरत नाहीत, त्यामुळे त्याला इतर कडधान्यांपेक्षा जास्त नत्र द्यावे लागते. ज्या पिकाचे गुण आपण कमी लेखतो, त्याच पिकाच्या अंगी नसलेला गुण चिकटवून देतो, असे इथे घडते.

मानांकनाचेही तसेच. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा, तो लागू झाला २००३ मध्ये. मानांकन त्या नावाला दहा वर्षांचे संरक्षण देते आणि पुढे त्याचे नूतनीकरण करता येते. भाव मात्र ते देत नाही. भाव मिळण्यासाठी उत्पादकाने वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, माल निवडून प्रतवारी करावी लागते आणि पोत्यावर, पाकिटावर नाव छापावे लागते. नाव नसलेल्या पोत्यात वाघ्या गेला, की बाजाराच्या लेखी तो नुसता राजमा. लवकर येणाऱ्या आणि जास्त उतारा देणाऱ्या ‘वरुण’सारख्या सुधारित वाणांशी आणि सोयाबीनशी त्याला रानात झुंजावे लागते ते वेगळेच. खाणाऱ्याने नाव घेऊन मागितले नाही, तर पेरणाऱ्याने तो का टिकवावा?

बोअर आणि चर

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघाले की तो झपाट्याने उतरत जातो. कोरेगावात तो कित्येक पटींनी कमी, आणि पुढे खटाव-माण तर दुष्काळाचेच तालुके. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे राहते ती पर्जन्यछाया.

इथल्या मातीखाली बसाल्टचा काळा कातळ आहे. वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या सांध्या-भेगांत काय ते पाणी साठते. अशा शंभर घनमीटर खडकातून साधारण एक ते तीन घनमीटर पाणीच आपल्याला काढता येते. त्याखालच्या अखंड कातळात एखादी भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसती धूळ. त्या भेगेत आलेले पाणीही वरूनच झिरपलेले असते. बोअर कितीही खोल नेली तरी ती नवे पाणी तयार करत नाही. शेजारच्या विहिरीत उतरणारे पाणी ती आपल्याकडे ओढून घेते. एकाने दोनशे फूट घेतली, की दुसरा चारशेवर जातो आणि दोघांचेही पाणी आटते. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने साठ मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना बंदी घातली, त्यामागे हेच शास्त्र आहे.

तरीही बोअरचा भरवसा सुटत नाही. गाडी येते, रात्रभर घरघर चालते आणि पहाटे पाण्याचा फवारा उडाला की अख्खी आळी बघायला जमते. कोरड्या गेलेल्या बोअरवर दगड ठेवला जातो आणि तिचा विषयही निघत नाही. एमॉस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की जे उदाहरण चटकन आठवते तेच वारंवार घडते असे माणूस धरून चालतो. फवारा आठवतो, दगड आठवत नाही.

चराला असे काही दाखवता येत नाही. सलग समतल चर म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीवर खणलेला साधारण दोन फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा. त्याची सारी करामत पातळीत आहे. ती धरण्यासाठी हायड्रोमार्कर नावाचे साधे साधन वापरतात. दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन माणसे उतारावर एकेक पट्टी धरून उभी राहतात. दोन्हीकडे पाणी सारख्याच खुणेवर आले, की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचे. पातळी चुकली तर चराच्या एका टोकाला पाणी गोळा होते, बांध फोडते आणि चर म्हणवणारा खड्डा ओढा होऊन बसतो.

या खड्ड्याची ताकद एका हिशेबात कळते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे दहा हजार लिटर पाणी होते. एवढे पाणी उन्हाळ्यात गावात येणारा एक टँकर आणतो. पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे दर हेक्टरी पाचशे टँकर, आणि शंभर हेक्टरांच्या डोंगरउतारावर पन्नास हजार. यातले काही पिकाला लागते, काही उन्हाने उडते आणि उरलेले माती घेऊन ओढ्याला जाते. त्या वाहत्या पाण्याचा थोडा हिस्सा जरी उतारावर थांबला, तरी टँकरच्या खेपांशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

वेळूच्या माणसांनी २०१६च्या उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवसांच्या त्या स्पर्धेत कुदळ-फावडी घेऊन हेच काम केले. माथा ते पायथा, म्हणजे आधी डोंगरावर चर, मग बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढ्यावरचे बांध. हा क्रम उलटा करता येत नाही. वर पाणी अडवले नाही, तर खालचा बंधारा दोन पावसांत गाळाने भरतो.

अॅडम स्मिथने १७७६ मध्ये एक कोडे मांडले होते. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी तो महाग. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिले, की वस्तूचा भाव तिच्या एकूण उपयोगावर ठरत नाही, हातातल्या शेवटच्या मापाची गरज किती यावर ठरतो. ऑगस्टमध्ये वाहून जाणारा हंडा आणि मे महिन्यात टँकरखाली धरलेला हंडा यांतले पाणी तेच, किंमत वेगळी. ऑगस्टचे पाणी मेपर्यंत पोहोचवणे, एवढेच चराचे काम.

चरावरही आंधळा भरवसा नको. गाळ न काढल्यास तो भरून जातो. आणि अडवलेले पाणी पाहून सगळ्यांनी ऊस लावला, तर दोन वर्षांत गाव पुन्हा टँकरच्या दारात येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाणी अडवण्याबरोबर पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअरवर बंदी घातली आणि जास्त पाणी पिणारी पिके टाळली. टिकले ते त्यामुळे.

गाडीचा भाव

सातारा जिल्ह्याचे आले नावाजलेले, आणि कोरेगाव त्यातला मोठा तालुका. इथे आल्याचा भाव गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे पाचशे किलो. लागवड अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, आणि कंद तयार व्हायला आठ-नऊ महिने. भाव पडला तर कंद काही काळ जमिनीतच राखता येतात, ही या पिकाची मोठी सोय. पण रान अडकून पडते आणि कंदकुजीची टांगती तलवार कायम.

२०२३ मध्ये आल्याचे भाव देशभर भडकले. ज्याच्या रानात आले होते त्याचे सोने झाले, आणि ते बघून पुढच्या हंगामात लागवड वाढली. बेणेही महाग घ्यावे लागले. सगळ्यांचे आले एकदम निघाले तेव्हा भाव कोसळला. मग लागवड घटते, माल तुटतो आणि भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण भाव आणि लागवड यांचा आलेख काढला तर रेषा जाळ्यासारखी गरगरत जाते. कारण साधे आहे. निर्णय आजच्या भावावर होतो आणि माल वर्षभराने विकायचा असतो. भाव चढलेला असताना आले वाजवीपेक्षा मोठे वाटते आणि पडलेला असताना निकामी. आले मात्र दोन्ही वेळा तेच असते. दरवर्षी ठरावीक क्षेत्रावर आणि निरोगी बेण्यावर टिकून राहणारा शेतकरी शेवटी या चक्रातून कमी भाजून निघतो.

लोखंडी नांगर

पुणे-मिरज लोहमार्ग कोरेगाव तालुक्यातून जातो. याच मार्गावर तालुक्यातल्या सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. तिथे लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने तयार झाली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. त्याआधी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आज ती सांगली जिल्ह्यात आहे. त्यांना जागा देणाऱ्या औंधच्या राजांचे, म्हणजे पंतप्रतिनिधींचे, मूळ गाव किन्हई, तेही कोरेगाव तालुक्यातच.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी समजूत होती. लाकडी नांगर पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीचा आणि लोखंडी परका. प्रत्यक्ष रानात चालवून दाखवल्यावर, हरळी-कुंद्याची मुळे उलथून वर आलेली पाहिल्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसला. कमी लेखलेली वस्तू कामातून सिद्ध झाली, ती अशी.

आज काटा दुसऱ्या टोकाला गेला आहे. ट्रॅक्टरने दरवर्षी खोल नांगरट केलीच पाहिजे, असा शिरस्ता पडला. पण माती पुन्हा पुन्हा उलथली की तिच्यातला सेंद्रिय कर्ब हवेशी भिडून झपाट्याने घटतो, गांडुळांची बिळे मोडतात आणि उघडी माती पहिल्याच वळवात वाहून जाते. म्हणून जगभर कमी मशागतीच्या शेतीकडे लक्ष वळले आहे. तण माजलेल्या किंवा घट्ट बसलेल्या रानाला नांगर हवाच. मऊ, जिवंत रानाला तो दरसाल हवा का, हे फावड्याने एक ढेकूळ उकरून पाहिल्यावर कळते.

पारख करताना

या चारही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. वस्तूला एकदा लागलेली किंमत कायमची नसते, आणि ती तपासण्यासाठी मोठी विद्या लागत नाही. ही वस्तू नेमके कोणते काम करते? तेच काम जवळची, स्वस्त दुसरी वस्तू करते का? ती नसती तर काय अडले असते? आणि तिच्याबद्दल आपण फक्त यशाच्याच गोष्टी ऐकल्या आहेत का? हे चार प्रश्न विचारले, की घेवडा वर येतो, प्रथिनांचा डबा खाली जातो, चर वर येतो, बोअर बेताची ठरते आणि आल्याच्या भावाचा हुरूप जागेवर राहतो.

कोरेगावने दोन मान मिळवले, ते राखणे मात्र एकट्या कोरेगावच्या हातात नाही. या महिन्याच्या किराण्याच्या यादीत नुसते ‘राजमा’ न लिहिता ‘वाघ्या घेवडा’ लिहा आणि दुकानदाराकडे तोच नाव घेऊन मागा. तुमच्या गावच्या डोंगरावर चर असतील, तर पावसाळ्याआधी त्यांतला गाळ काढायला एक सकाळ द्या. दोन्ही कामांना पैसा थोडा लागतो, आणि दोन्हींचा परतावा पुढच्या मे महिन्यात ताटात आणि हंड्यात दिसतो.